टोंगा, २०२२ : ज्वालामुखी, केबल आणि साथ

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाचं २०२२ हे वर्ष ज्वालामुखीच्या नावावर जमा आहे; पण त्या वर्षी देश मुका का झाला, हे कळायला २०१३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी फिजीतल्या सुवापासून टोंगाटापू बेटापर्यंत फोन-इंटरनेटसाठी सुमारे ८३० किलोमीटरची समुद्री केबल सुरू झाली. जेमतेम लाखभर वस्तीचा देश, म्हणून बाहेर जाणारी केबल एकच. जानेवारी २०१९ मध्ये ती तुटली, तेव्हा जवळपास दोन आठवडे उपग्रहाच्या तुटपुंज्या जोडणीवर निघाले. तरी २०२२ उजाडलं तेव्हाही बाहेर जाणारी दुसरी केबल नव्हतीच.

राजधानी नुकुआलोफाच्या उत्तरेला ६५ किलोमीटरवरचा हुंगा टोंगा–हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी डिसेंबर २०२१ पासून धुमसत होता. १५ जानेवारीला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास तो फुटला आणि राखेचा स्तंभ ५७ किलोमीटरवर गेला. केबलचा घात केला तो मात्र खाली कोसळलेल्या राखेने. ती पाण्यात मिसळून समुद्रतळाच्या उतारावरून ताशी शंभरावर किलोमीटर वेगाने सुटली आणि सुमारे ९० किलोमीटर केबल तोडून, गाळात पुरून गेली. अशा वेळी किनाऱ्यावरून केबलमधल्या काचेच्या तंतूत प्रकाशाचा झोत सोडतात. तो परतायला किती वेळ लागतो त्यावरून पहिला तुटका बिंदू सापडतो. त्यापलीकडचं काहीच कळत नाही. मग जहाजातून लोखंडी आकडा सोडून टोक वर ओढायचं, तपासायचं, नवा तुकडा जोडायचा. बाहेरचा संपर्क २२ फेब्रुवारीला पूर्ववत झाला.

जमिनीवर पहिली चिंता पिण्याच्या पाण्याची. तिथे घरोघरी छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात. राख पडली की टाकीकडे जाणारा पाइप आधी सोडवायचा, मगच छप्पर धुवायचं. नाहीतर सगळी राख टाकीत. न्यूझीलंडच्या जहाजाने अडीच लाख लिटर पाणी आणलं. फुआआमोटू विमानतळाच्या धावपट्टीवरची राख माणसांनी फावड्या-झाडूंनी काढली, कारण ही राख जेट इंजिनात वितळून पात्यांवर काचेसारखी चिकटते. मदतीची विमानं २० जानेवारीला उतरली.

मदतीबरोबर कोरोना येईल ही धास्ती होती, म्हणून सामान माणसांचा संपर्क टाळून उतरवलं जात होतं. तरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंदरावरच्या दोन कामगारांना लागण निघाली आणि लगेच टाळेबंदी लागली. तोवर देशात एकच रुग्ण सापडला होता, तोही ऑक्टोबर २०२१ मध्ये विलगीकरणातला प्रवासी.

वावाउ आणि हापाई बेटांना जोडणारी देशांतर्गत केबलही त्याच दिवशी तुटली होती. ती दुरुस्त व्हायला २०२३ उजाडलं.