गळती किती मिनिटांत कळते?

24 जानेवारी 2017. पदभार घेऊन चारच दिवस झाले होते आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी डकोटा अ‍ॅक्सेस पाइपलाइनबाबत लष्कर खात्याला लेखी निर्देश दिला. कायद्यात बसेल तितक्या झटपट परवानग्या उरका, सविस्तर पर्यावरणीय अभ्यासाची नोटीस मागे घेण्याचा विचार करा. (लष्कराला यासाठी, की अमेरिकेत नद्या-धरणांचा बराचसा कारभार लष्कराच्या अभियंता दलाकडे असतो.) नॉर्थ डकोटातलं खनिज तेल इलिनॉयला नेणाऱ्या या सुमारे 1,900 किलोमीटरच्या पाइपलाइनचा अडलेला तुकडा होता मिझुरी नदीवरच्या ओआही जलाशयाखालचा. स्टँडिंग रॉक सू या आदिवासी समाजाचं पाणी याच जलाशयातलं. फेब्रुवारीत परवानगी मिळाली, जूनमध्ये तेल वाहू लागलं.

अभ्यासात एवढं तपासायचं तरी काय होतं? मुख्य प्रश्न गळतीचा. जमिनीखालच्या नळीत डोकावता येत नाही, म्हणून एका टोकाला किती तेल शिरलं आणि दुसऱ्या टोकाला किती निघालं याचा सतत ताळा घेतात. पण तापमान आणि दाब बदलला की तेलाचं आकारमानही किंचित बदलतं, मापकांचीही थोडी चूक असते. त्यामुळे बारीक फरक या गोंधळातच बुडतो. इथे स्टँडिंग रॉकच्या बाजूने तज्ज्ञांचा आक्षेप असा होता, की प्रवाहाच्या एक टक्क्याहून कमी गळती यंत्रणेला कळणारच नाही. रोज सहा लाख बॅरल वाहत असतील, तर एक टक्का म्हणजे सहा हजार बॅरल, जवळपास साडेनऊ लाख लिटर. दिवसाला! हिवाळ्यात जलाशयावर बर्फ असताना ते वरून दिसणार कसं, हा प्रश्न वेगळाच.

मोठी फूट मात्र काही मिनिटांत लक्षात येईल आणि झडपा बंद होतील, असं अभियंता दलाने गृहीत धरलं होतं. कागदावर ते पटतं. पण जुलै 2010 मध्ये मिशिगनमधल्या मार्शल गावाजवळ दुसऱ्या एका कंपनीची पाइपलाइन फुटली, तेव्हा नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजत होते. दाब कमी झालाय तो नळीत बाष्पाची पोकळी झाल्यामुळे, असा अर्थ लावून कर्मचाऱ्यांनी पंप दोनदा पुन्हा सुरू केले. फूट ध्यानात यायला सतरा तासांहून अधिक वेळ गेला. सुमारे 32 लाख लिटर तेल सांडलं, त्यातलं बरंचसं कॅलमझू नदीच्या तळाशी बसलं. संवेदक चोख होते. चुकला तो माणसांनी लावलेला अर्थ, आणि तो कोणत्याही सूत्रात सहजासहजी बसत नाही.

1970 च्या अमेरिकी पर्यावरण कायद्यानुसार प्रकल्प घातक ठरला तरी सरकार त्याला परवानगी देऊ शकतं. अट एकच, आधी नीट पाहायचं. अध्यक्षांच्या निर्देशाने ही अट सुटत नाही. तज्ज्ञांच्या आक्षेपांना समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही म्हणून 2020 मध्ये न्यायालयाने सविस्तर अभ्यासाचा आदेश दिला आणि जलाशयाखालून जाण्याची परवानगीही रद्द केली. 2021 मध्ये अपील न्यायालयाने हे दोन्ही कायम ठेवलं, पण तेल थांबवण्याचा आदेश मात्र उचलला. म्हणजे परवानगी रद्द, तेल चालू! घाईचा हिशेब हा असा जुळला.

अभ्यासाचा मसुदा सप्टेंबर 2023 मध्ये आला, तेल वाहू लागल्यावर सहा वर्षांनी. त्यात एक पर्याय होता पाइपलाइन नॉर्थ डकोटाची राजधानी बिस्मार्कच्या उत्तरेकडून वळवण्याचा. मूळ आखणीच्या वेळी तो मार्ग बाद झाला होता. त्यामागचं एक कारण म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरींचं संरक्षित क्षेत्र.