एसएनएमपी : नेटवर्क स्विचवरील मांडणी

एसएनएमपी (सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल) हा स्विच, राउटर, यूपीएस यांसारख्या उपकरणांवर दुरून नजर ठेवण्याचा आणि परवानगी दिल्यास त्यांच्या सेटिंग्ज बदलण्याचा प्रोटोकॉल. मॅनेजर संगणक स्विचमधील एजंटकडे (माहिती पुरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे) ठरावीक अंतराने विचारणा करतो (यूडीपी पोर्ट १६१). काही बिघडले की एजंट आपणहून ‘ट्रॅप’ धाडतो (पोर्ट १६२). पहिली आवृत्ती १९८८ची, ‘व्ही२सी’ १९९६ची. ‘व्ही३’ला पूर्ण मानकाचा दर्जा २००२ मध्ये मिळाला.

कोकण किनारपट्टीवर याची गरज भूगोलामुळेच वाढते. रत्नागिरीहून गुहागरच्या शाखेतला स्विच बघायला जायचे, तर जयगडची फेरीबोट नाहीतर रस्त्याने लांबचा वळसा. त्यातून पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

मांडणीची सुरुवात ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ ही आयती कम्युनिटी नावे (पासवर्डसारखे वापरले जाणारे शब्द) काढून टाकण्यापासून करावी. व्ही१ आणि व्ही२सीमध्ये हे नाव जाळ्यातून उघडे जाते, म्हणून त्याला फक्त वाचनाचा हक्क द्यावा आणि तोही मॅनेजरच्या आयपी पत्त्यापुरता. व्ही३मध्ये वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी एसएचए आणि मजकूर झाकण्यासाठी एईएस वापरता येते. नव्या स्विचवर हाच पर्याय घ्यावा. एक अडचण मात्र हमखास भेटते. व्ही३च्या किल्ल्या स्विचच्या इंजिन आयडीशी (एसएनएमपीतल्या त्याच्या स्वतंत्र ओळखीशी) बांधलेल्या असतात आणि तो आयडी बहुधा मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर क्रमांकावरून बनतो. वळवाच्या पावसात वीज पडून स्विच जळाला, बदली स्विचवर जुनी कॉन्फिगरेशन जशीच्या तशी चढवली, तरी मॅनेजरला तो दाद देत नाही. वापरकर्ते नव्याने तयार करावे लागतात.

केवळ ट्रॅपवर विसंबणे किनाऱ्यावर महागात पडते. वीज गेलेला साधा स्विच काहीच कळवू शकत नाही. अपलिंक (स्विचला मुख्य जाळ्याशी जोडणारी वाट) तुटली, तर तिची खबर नेणारी वाटही तीच असते. लाइट आल्यावर निघणारा ‘कोल्ड स्टार्ट’ ट्रॅपदेखील अपलिंक सुरू होण्याआधीच निघून हरवू शकतो. ‘इन्फॉर्म’ प्रकारात पोच मिळेपर्यंत काही वेळा पुन्हा प्रयत्न होतो, म्हणून तो बरा. पण नियमित विचारणा हवीच. विचारणेत ‘सिसअपटाइम’चा, म्हणजे सुरू झाल्यापासूनच्या वेळेचा आकडा आधीपेक्षा लहान आला, की स्विच मध्यंतरी बंद पडून उठला असे समजते. हा ३२ बिटांचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो. यूपीएस नसलेल्या कोकणी स्विचवर तेवढी मजल जाणे कठीणच!

‘सिसलोकेशन’ हे स्थळाचे रकाने बरेच जण रिकामे सोडतात. त्यात गाव, इमारत, मजला आणि कपाट लिहावे. मानकानुसार येथे आस्की अक्षरेच चालत असल्याने नाव रोमन लिपीत द्यावे लागते. गिगाबिट पोर्टची वाहतूक मोजायला ६४ बिटांचे काउंटर घ्यावेत. ३२ बिटांचा काउंटर पूर्ण वेगात ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. बदल कायमच्या मेमरीत जतन करायला विसरू नये, नाहीतर लाइट गेली की मांडणीही गेली.