प्रभाग समिती फक्त नगरसेवकांची नाही

“महापालिकेच्या प्रभाग समितीत नगरसेवकांशिवाय कोणाला जागाच नसते,” हे नागपुरात महालच्या चहाटपरीपासून मानेवाड्यापर्यंत वर्षानुवर्षं ऐकतोय. ते चूक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार प्रभाग समितीवर नगरसेवक आणि प्रभाग अधिकाऱ्यासोबत, त्याच भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त ३ सदस्य घेता येतात. मात्र ते तिथलेच मतदार हवेत. महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या १६ जणांच्या स्थायी समितीची गोष्ट वेगळी, तिथे नगरसेवकच. पण गडर लाइन तुंबून घाण पाणी उंबऱ्याशी येतं, ती तक्रार प्रभाग समितीच्याच कामातली. म्हणून समितीवरची नावं ठरण्याआधी वस्तीतल्या संस्थेने नगरसेवकांना लेखी अर्ज द्यावा. झोन कार्यालयात प्रत देऊन पोच घ्यावी, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.