क्यूबाचा पेच केवळ धमकीने सुटला नव्हता
१९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात, म्हणजे सोव्हिएत संघाने क्यूबात ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या संघर्षात, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी ठाम राहिले आणि सोव्हिएत संघाने निमूट माघार घेतली, असे आजही सांगितले जाते. ते अपुरे आहे. या अर्धसत्यामुळे तडजोड म्हणजे दुबळेपणा असा समज रुजला, याचे मला अधिक वाईट वाटते. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना आश्वासन दिले होते, की तुर्कस्तानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत हटवली जातील, मात्र हे गुप्त राहिले पाहिजे. एप्रिल १९६३पर्यंत ती हटलीही. १९८९मध्ये मॉस्कोतील परिषदेत दोब्रिनिन यांनी हा विषय काढला, तेव्हा केनेडींचे सल्लागार थिओडोर सोरेन्सन यांनी रॉबर्ट यांच्या आठवणींच्या पुस्तकातून या देवघेवीचा स्पष्ट उल्लेख आपणच गाळल्याची कबुली दिली.