रामटेकचा डोंगर झिजला कसा नाही?

नागपुरातून जबलपूर रोडने निघालं की कामठी, कन्हान, सगळं सपाटच, अन् मग मनसर यायच्या बेतात उजव्या हाताला एकदम डोंगर उठतो. वर गडमंदिर, पायथ्याशी रामटेक. छोटंसं नगर परिषदेचं गाव, नागपूरहून ५० किलोमीटरच्या आतबाहेर. आपण लहानपणापासून त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला नाहीतर खिंडसी तलावावर डबा घेऊन जातो, पण सपाट मुलखात हा डोंगर आला कुठून हे कोणी विचारत नाही, आणि मला तर वाटतं या गावाचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

गडाच्या वाटेवरचा एखादा फुटका दगड हातात घेऊन बघा. पांढुरका, तुटलेली बाजू काचेसारखी चमकणारी. चाकूचं टोक जोर लावून ओढलं तरी ओरखडा पडत नाही, उलट चाकूचंच लोखंड घासून दगडावर राखाडी रेघ उमटते. हा क्वार्टझाइट. मुळात ही वाळू होती बरं का. ती गाडली गेली, दाबली गेली, तापली, आणि कण एकमेकांत असे घट्ट बसले की साधा वाळूचा खडक कणांच्या कडेकडेने फुटतो तसा हा फुटत नाही, कणांच्या आरपार तुटतो. नागपुरातल्या सीताबर्डीचा काळा बेसॉल्ट आपल्याला जुना वाटतो, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा दगड १०० कोटींच्याही मागचा.

शेजारचे अभ्रकाचे पापुद्रे असलेले खडक ऊन-पावसात भुसभुशीत होऊन वाहून गेले, हा तेवढा उभा राहिला. डोंगर वर आला असं नाही, आजूबाजूची जमीन खाली गेली!

याच खडकांच्या कुटुंबात मनसरचं मॅंगनीज आहे. काळा दगड, दिसतो मुठीएवढा पण उचलला की हात खाली जातो. या मॅंगनीजवाल्या खडकांपैकी एकाला फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली 'गोंडाइट' नाव दिलं, इथल्या गोंड लोकांवरून. जगभरच्या भूशास्त्रात आज हे नाव चालतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता पाणी. डोंगराचा हा क्वार्टझाइट पाणी पीत नाही, जे मुरतं ते भेगांमधूनच, बाकीचं धो-धो खाली येतं. म्हणून डोंगराच्या कुशीत आंबाळा तलाव, पलीकडे बांध घालून अडवलेलं खिंडसी. उंच जागा आणि खात्रीचं पाणी, राजाला आणखी काय पाहिजे? वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी म्हणजे जवळचंच नगरधन, आणि राणी प्रभावतीगुप्ताचा एक ताम्रपट 'रामगिरिस्वामी'च्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायाशी दिल्याची नोंद आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं.

पण रामटेकचं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे कपुरी पान. नागवेल ही सावलीतली, दमट हवेतली वेल, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो! म्हणून पानमळे करणारे बारई लोक मळ्याला चारी बाजूंनी आडोसा करतात, वर सावली धरतात, मुळाशी ओल ठेवतात पण पाणी साचू देत नाहीत, कारण साचलं की मूळ सडलंच. बाहेर लू अंग भाजते अन् आत पाऊल टाकलं की गार, ओल्या मातीचा वास. पान फिकट पिवळसर हिरवं, तिखटपणा कमी. आता मळे फार थोडे उरलेत. कोणाच्या ओळखीने आत जायला मिळालं तर मे महिन्यातच जा, भर दुपारी.