अवघड जागेचं पुरळ: हर्पीस की साधी आग?

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. आता जावयाची जागा मोबाइलने घेतली आहे. जांघेत किंवा गुप्तांगावर काही उठलं की माणूस फोटो पाहत बसतो आणि थोड्याच वेळात आपल्याला हर्पीस झाल्याचं ठरवून मोकळा होतो. फोटोंनी इथे हमखास फसगत होते. फुटून गेलेला फोड, खाजवून सोललेली कातडी आणि वस्तऱ्याची जखम तिसऱ्या दिवशी जवळजवळ सारखीच दिसते. खरा फरक असतो तो क्रमात: आधी काय झालं, किती वेळाने उठलं, कसं आणि कधी गेलं.

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे होतो आणि त्या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा ओठावर फोड आणतो, दुसरा गुप्तांगावर. मुखमैथुनातून पहिलाही खाली पोहोचतो. लागण झाल्यावर साधारण २ ते १२ दिवसांत लालसर जागेवर पाणीदार, बारीक फोडांचा पुंजका उठतो. ते लवकरच फुटतात आणि उथळ, झोंबणारे व्रण उरतात. पहिला झटका जोरात असला तर ताप येतो, अंग मोडून येतं, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) येतं आणि लघवी करताना डोळ्यांत पाणी येईल इतकी आग होते. हे सगळं निवळायला २ ते ४ आठवडे लागतात. विषाणू मात्र जात नाही. कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या चेतापेशींत दबा धरून राहतो. पुन्हा उठतो तेव्हा आधी एखादा दिवस तिथे मुंग्या येतात किंवा ठणका लागतो, फोड बहुधा एकाच बाजूला येतात आणि आठवडा-दहा दिवसांत वाळतात.

अडचण अशी की बहुतेक लागण झालेल्यांना असं ठळक काही होतच नाही. एखादी चीर, थोडी चुरचुर, बस्स. म्हणूनच ‘फोड नाहीत, म्हणजे हर्पीस नाही’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

साध्या जळजळीला बहुतेक वेळा कारण सापडतं. नवा साबण, जंतुनाशक मिसळलेलं पाणी, सुगंधी वाइप्स, सॅनिटरी पॅड, केस काढायचं क्रीम, कंडोमचं रबर. लाली पसरट असते, खाज जास्त असते आणि ती वस्तू बंद केली की काही दिवसांत ओसरते. वस्तऱ्यानंतरच्या पुटकुळ्यांत नीट पाहिलं तर मधोमध केस दिसतो. गजकर्णाची कड उठावदार असते आणि आतला भाग निवळत जातो. खरूज रात्री छळते आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. मधुमेह्यांना पांढरा थर आणि बारीक चिरा दिसल्या तर बुरशीची शंका आधी घ्यावी.

यांतलं काहीही असो, मेडिकलच्या दुकानातून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणून चोपडू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण आपला ओळखीचा गोल आकार सोडून पसरतं आणि त्वचारोगतज्ज्ञालाही कोडं पडतं.

हर्पीसची सगळ्यात हुबेहूब नक्कल करतं ते मात्र औषधाचं पुरळ. समजा, जुलाब झाले म्हणून कुणी टिनिडॅझोल किंवा ऑर्निडॅझोलची गोळी घेतली. काही तासांतच शिस्नाच्या टोकावर जांभळट-लाल, गोल चट्टा उठतो, आग होते, कधी मधोमध फोड येऊन कातडी सोलते. काही महिन्यांनी पुन्हा जुलाब, पुन्हा तीच गोळी आणि चट्टा नेमका त्याच जागी! परत परत उठतो म्हणजे हर्पीसच, असं वाटणं साहजिक आहे. पण हा चट्टा बरा झाल्यावर मागे काळपट डाग उरतो, तसा डाग हर्पीस सहसा ठेवत नाही. काही वेदनाशामकं आणि सल्फाच्या गोळ्याही हा प्रकार करतात. गोळी विचारल्याशिवाय हे निदान होत नाही आणि पेशंट जुलाबाची गोळी सांगायची विसरतोच. या दोन गोष्टींचा संबंध असेल असं त्याच्या मनातही येत नाही.

दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. एकच, कडक काठाचा, न दुखणारा व्रण सिफिलिसचा (गरमी या लैंगिक आजाराचा) असू शकतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

हर्पीसची खात्री करायची तर ताज्या फोडाच्या तळाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करावी, जमल्यास पहिल्या दोन दिवसांत. खपली धरल्यावर खोटा निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. रक्तातल्या आयजीएम या प्रतिपिंडाच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत. ती जुन्या आजारातही पॉझिटिव्ह येते आणि दोन प्रकारांत गल्लत करते. आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड तयार व्हायला १२ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यातही पहिल्या प्रकाराचा पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहून हातपाय गाळू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या जगातल्या ६४ टक्के लोकांत तो असतो, बहुतेकांना लहानपणीच लागलेला.

सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे लक्षणांनुसार रंगीत किट मोफत मिळतात. हर्पीससाठीच्या लाल किटात अ‍ॅसायक्लोविर हे विषाणूरोधक औषध असतं. ते जितक्या लवकर सुरू होईल तितका पहिला झटका लवकर आटोपतो. गरोदर बाईने तर फोड दिसला की लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावं, कारण शेवटच्या महिन्यांत झालेली नवी लागण बाळाच्या जिवावर बेतू शकते. आणि डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत फोड वाळून गेलाच, तर तारीख, त्याआधी घेतलेल्या गोळ्या आणि एक स्पष्ट फोटो जपून ठेवा. पुढच्या वेळी उठला की त्याच दिवशी स्वॅब द्यायला जा.