कुत्र्याला विमानात नेताना झोपेची गोळी? नको!

इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरपर्यंत एक सल्ला कायम फिरत असतो: कुत्र्याला विमानाने न्यायचं तर आधी झोपेची गोळी द्या, बिचारा निवांत झोपेल. झोपेल खरा, पण गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. पिंजरा हलला की तोल सावरता येत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्यांची तर एरवीही श्वासाची मारामार. म्हणूनच आयाटा ही विमान कंपन्यांची संघटनाही गुंगीच्या औषधाची शिफारस करत नाही. (खाली सामानाच्या कप्प्यात हवाच नसते, हीसुद्धा अफवा, तिथला दाब केबिनइतकाच असतो.) त्यापेक्षा पिंजरा काही आठवडे आधी घरी आणा. दार उघडं ठेवा, आत त्याची जुनी, न धुतलेली चादर घाला, जेवणही तिथेच वाढा. फारच घाबरट असेल, तर औषधाचं पशुवैद्यांनाच विचारा.